वळवाचा वर्तारा

मोसमी पाऊस आणि वळवाचे वादळ या दोन्ही गोष्टी आभाळातून येतात, म्हणून त्यांचा अंदाजही एकाच पोतडीतून निघत असेल असे आपण धरून चालतो. वस्तुतः या दोन निराळ्या विद्या आहेत. मोसमी पाऊस हा लग्नाच्या वऱ्हाडासारखा असतो. तो कुठून निघाला, कुठवर आला, वाटेत कुठे मुक्काम ठोकून बसला, याची वर्दी आठ-पंधरा दिवस आधीपासून लागत असते. वळवाचे वादळ म्हणजे दरोडा. दुपारी तीन वाजता आकाशात बोटभर ढग नसतो आणि सहाच्या सुमारास घरावरचे पत्रे पलीकडच्या आळीत जाऊन पडलेले असतात. अर्ध्या तासात सारे आटोपते, आणि अंगण शिंपून निघालेल्या पाहुण्यासारखे ते वादळ पुढच्या गावाला जाते. अशा पाहुण्याची चाहूल आधी लागावी कशी? या प्रश्नामागे माणूस गेली दीडशे वर्षे लागला आहे, आणि त्या शोधाचा एक पदर आमच्या नागपूरच्या मैदानावरूनही गेला आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर तीच हकीकत सांगण्याचा विचार आहे.

मी नागपूरच्या उत्तरेकडील जरीपटका भागात राहतो. नाव मराठेशाहीतले, जरीपटका म्हणजे मराठी फौजेचे जरीचे, मानाचे निशाण. वस्ती मात्र बव्हंशी सिंधी बांधवांची. १९४७ च्या फाळणीनंतर घरदार सोडून आलेली ही मंडळी येथे स्थिरावली. ज्या सिंधमध्ये वर्षाकाठी पावसाची चार शिंतोडे पडली तरी कौतुक, तेथून ती विदर्भाच्या उघड्या मैदानात आली. चैत्र-वैशाखात आमच्याकडच्या गच्च्यांवर सिंधी पापड आणि मराठी कुरडया शेजारी शेजारी वाळत असतात. शेजारच्या एक वृद्ध दादी दुपारी गच्चीवर येऊन एकदा मावळतीकडे पाहत आणि कधी कधी म्हणत, "आज पापड लवकर उचला." त्यांचा अंदाज बरेचदा खरा ठरे. त्यांना दिसत असे ते एवढेच: क्षितिजावर कोबीच्या गड्ड्यासारखा फुगत चाललेला ढग, त्याचा वर ऐरणीसारखा चपटा होत गेलेला माथा, आणि एकाएकी पडलेला वारा. पण ढग दिसू लागला म्हणजे वादळ जन्मलेलेच असते. त्यानंतर हाती तास-दीड तास उरतो. पापड उचलायला तेवढा पुरतो; खळ्यावर पडलेला गहू झाकायला पुरत नाही. ढग दिसण्यापूर्वीच वादळ ओळखायचे, ही खरी मेख.

आपल्या पूर्वजांनी याचा विचार केला नव्हता असे नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मेघ, वारा, वीज, उल्का यांच्या लक्षणांवर प्रकरणेच्या प्रकरणे आहेत. सहदेव-भाडळीच्या नावावरचा वर्तारा तर आपल्या खेड्यापाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ चालत आला. विदर्भात रोहिणी नक्षत्राच्या आरंभीच्या 'नवतपा'वर, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीस सुरू होणाऱ्या नऊ कडक दिवसांवर, आजही लोक पुढच्या पावसाचे गणित मांडतात. या ज्ञानात निरीक्षण पुष्कळ आहे. पण वर्तारा ऋतूविषयी बोलतो. आज संध्याकाळी कोणत्या गावावर गारा पडतील, हे सांगण्याचे त्याने कधी मनावर घेतले नाही.

सरकारी हवामानखाते या देशात १८७५ साली स्थापन झाले. त्यापूर्वीच्या १८६४ च्या चक्रीवादळाने कलकत्त्यात हाहाकार उडवला होता आणि लागोपाठच्या अवर्षणांनी दुष्काळ पाडले होते. हेन्री ब्लॅनफर्ड हे खात्याचे पहिले प्रमुख. ठिकठिकाणच्या वेधशाळांतून वायुभार, तापमान, वारा आणि पाऊस यांचे आकडे तारेने मागवायचे आणि नकाशावर मांडायचे, अशी ही पद्धत. समुद्रावरून येणारे चक्रीवादळ शेकडो मैल रुंद असते, ते या नकाशात सापडे. वळवाच्या वादळाचा घेर मात्र पाच-दहा कोसांचा. दोन वेधशाळांच्या मधल्या अंतरात ते जन्मून, धुमाकूळ घालून, विरूनही जाई. मोठ्या माशांसाठी विणलेल्या जाळ्यातून चिंगळ्या निसटाव्यात तशी ही वादळे निसटत.

आणि ती काही क्षुल्लक नव्हती. ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तरेत मुरादाबादच्या परिसरात गारांच्या माऱ्याने २४६ माणसे मरण पावली. एकाच गारपिटीत इतके बळी गेल्याची दुसरी नोंद जगात नाही. जागतिक हवामान संघटनेच्या दप्तरी हा दुर्दैवी विक्रम अद्याप भारताच्याच नावावर आहे. ब्लॅनफर्डनंतर आलेल्या जॉन इलियट यांनी १८९९ साली आधीच्या पंधरा वर्षांतील हिंदुस्थानातील गारपिटींचा आढावा प्रसिद्ध केला. कोणत्या महिन्यात, कोणत्या प्रांतात गारा अधिक, हे त्याने कळले. उद्याचे कोडे मात्र सुटले नाही.

याच सुमारास सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेच्या मोकळ्या मैदानांवर, एका लष्करी माणसाने हे कोडे अंगावर घेतले. त्याचे नाव जॉन फिनले. तेथील संध्याकाळची वादळे आपल्या वळवाची थोरली भावंडे. त्यांच्या पोटातून सोंडेसारखा चक्रवात जमिनीवर उतरतो आणि गावेच्या गावे उपटून नेतो. १८८४ साली फिनलेने अशा चक्रवातांचे प्रायोगिक अंदाज द्यायला सुरुवात केली आणि आपले अंदाज शेकडा ९६ हून अधिक बरोबर आल्याचे जाहीर केले. ऐकणाऱ्याने तोंडात बोट घालावे असाच आकडा! पण त्याच वर्षी गिल्बर्ट नावाच्या एका भूगर्भशास्त्रज्ञाने पाटीवर गणित मांडून दाखवले. फिनलेचे एकूण अंदाज २,८०३. त्यांपैकी 'चक्रवात होईल' असे १०० वेळा सांगितले, ते २८ वेळा खरे ठरले. उलट 'होणार नाही' असे सांगितले असता २३ वेळा तो झाला. उरलेले २,६८० अंदाज 'होणार नाही' असे होते आणि तो झाला नाही. या शेवटच्या राशीवरच ९६ टक्क्यांचा डोलारा उभा होता. एखाद्याने डोळे मिटून रोज 'चक्रवात होणार नाही' एवढेच सांगितले असते, तर तो शेकडा ९८ वेळा बरोबर ठरला असता!

मला या गोष्टीची नेहमी मौज वाटते आणि तिच्यातली गंभीर बाजूही जाणवते. क्वचित घडणाऱ्या संकटाबाबत 'काही होणार नाही' असे म्हणणारा जवळजवळ नेहमीच खरा ठरतो. त्याला कोणी नावे ठेवत नाही. 'सावध राहा' म्हणणारा मात्र पुष्कळदा खोटा पडतो आणि हसे होते ते त्याचेच. तरीसुद्धा ते २८ इशारे ज्यांच्या दारात खरे ठरले, त्यांना विचारा कोण उपयोगी पडला ते. पुढे अमेरिकेतल्या अधिकाऱ्यांनी, लोक उगाच घाबरतील या भीतीने, अंदाजात 'चक्रवात' हा शब्द वापरण्यालाच बंदी केली. ती कित्येक दशके टिकली. संकटाचे नाव घेतले नाही म्हणजे ते येत नाही, अशी समजूत केवळ आपल्याकडच्या आजीबाईंची आहे असे नव्हे!

वादळाच्या पोटातले यंत्र समजल्याखेरीज अंदाज सुधारणार नव्हता. ते थोडक्यात सांगतो. वाचकांनी कंटाळू नये. ढग नसलेली हवा वर चढू लागली की दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी थंड होते. थंड होता होता तिच्यातली वाफ ढगाच्या थेंबांत उतरते. वाफेचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते, आणि त्या उष्णतेमुळे ढगातली हवा पुढे तितक्या झपाट्याने थंड होत नाही. अशा वेळी भोवतालची हवा तिच्याहून थंड असली, तर ही उबदार हवा पाण्यातल्या बुडबुड्यासारखी उसळत सुटते. ढगाचा माथा पंधरा किलोमीटरच्याही वर जाऊ शकतो. त्या उंचीवर कडाक्याची थंडी. तेथे थेंब गोठतात, वरच्या झोतात झेलले जातात, त्यांवर बर्फाची पुटे चढतात, आणि झोताला पेलेनासे झाले की गारा होऊन कोसळतात.

विदर्भाच्या मैदानाची गंमत अशी की येथे या यंत्राचे सारे भाग बाहेरून येतात. बंगालच्या उपसागरावरून जमिनीलगत ओलावा येतो. वायव्येकडून कोरडी, तापलेली हवा येते आणि ती या ओलाव्यावर झाकणासारखी बसते. खाली चूल पेटलेलीच असते; नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. झाकण घट्ट आहे तोवर आभाळ निरभ्र. दुपार टळता टळता कुठेतरी झाकण उचलले जाते आणि दिवसभर कोंडलेली वाफ एकदम बाहेर पडते. म्हणून ही वादळे संध्याकाळची. त्यातच खालची हवा कोरडी असली, तर पडणारा पाऊस वाटेतच सुकतो, सुकताना हवेला थंड आणि जड करतो, आणि ती जड हवा जमिनीवर आपटून चौफेर धावते. धूळ पुष्कळ, झाडे आडवी, आणि पाऊस मोजून दहा थेंब, असा जो आपला नेहमीचा अनुभव, त्याचे कारण हेच.

हे कोंडलेले बळ मोजायचे कसे, यावर एक महत्त्वाचे काम आपल्या पुण्यातून झाले. हवामानखात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले होते. त्या काळचे प्रमुख चार्ल्स नॉरमंड यांनी १९३८ साली 'सुप्त अस्थिरते'ची कल्पना व्यवस्थित मांडली. व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर हवेला झाकणापलीकडे ढकलायला आधी भांडवल किती घालावे लागेल, आणि ती एकदा पलीकडे गेली की नफा किती सुटेल, याचा हा ताळेबंद. नफा भांडवलाहून मोठा असेल त्या दिवशी सावध राहावे. वर हवा कशी आहे हे कळण्यासाठी मात्र फुगे सोडावे लागत. आरंभीच्या साध्या फुग्यांवरून केवळ वाऱ्याची दिशा आणि गती कळे. दुर्बिणीतून त्यांचा माग काढीत. रात्री फुगा दिसावा म्हणून त्याच्याखाली मेणबत्तीचा कागदी कंदील बांधण्याची तेव्हा जगभर रीत होती. दिवाळीत आपण आकाशकंदील टांगतो. वेधशाळेतली माणसे बारा महिने खरोखरीच आकाशात कंदील सोडीत होती! पुढे १९४० च्या दशकात तापमान आणि ओलावा मोजून बिनतारी संदेशाने खाली कळवणारी यंत्रे फुग्याला बांधली जाऊ लागली, आणि नॉरमंडच्या ताळेबंदाला रोजचे आकडे मिळू लागले.

२० मार्च १९४८ च्या रात्री अमेरिकेत ओक्लाहोमा येथील टिंकर विमानतळावर चक्रवात आदळला आणि लाखो डॉलरांची विमाने चिरडली. तेथले दोन हवामान अधिकारी, मेजर फॉबुश आणि कॅप्टन मिलर, यांनी जुने नकाशे उपसून अशा दिवसांची लक्षणे जुळवायला घेतली. पाचच दिवसांनी, २५ मार्चला, तीच लक्षणे पुन्हा नकाशावर उभी राहिली. एकाच जागी आठवड्यात दोनदा चक्रवात येणे ही जवळपास अशक्य कोटीतली गोष्ट. तरीही त्यांनी इशारा दिला, विमाने आत घेतली गेली, माणसे हलवली गेली, आणि संध्याकाळी चक्रवात खरोखरच त्याच तळावर आला. नशिबाचा भाग त्यात होताच. पण त्या दोघांनी 'काही होणार नाही' ही सुरक्षित वाट नाकारली, हे महत्त्वाचे. यानंतर हळूहळू 'चक्रवात' या शब्दावरची बंदीही सैल झाली.

आता आपल्या सोनेगावच्या विमानतळाकडे या. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. दळणवळणमंत्री होते रफी अहमद किडवई. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमाने निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र जमत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. एप्रिल १९४९ पासून साधे पत्रही जादा पैसे न घेता विमानाने जाऊ लागले. मुंबईच्या मुलाचे पत्र कलकत्त्याच्या आईला दुसऱ्या दिवशी मिळे, ते नागपूरच्या कृपेने. नागपूर देशाच्या मध्यावर असल्याचा हा मोठाच मान.

पण वैशाखातल्या रात्रीचा विचार करा. ही विमाने बहुधा डाकोटा जातीची. त्यांत आतल्या हवेचा दाब राखण्याची सोय नसे, म्हणून ती साधारण दहा हजार फुटांच्या आसपास उडत. वादळाचा ढग पन्नास हजार फूट उंच. वरून ओलांडायची सोय नाही. वळसा घालायचा, थांबायचे किंवा परत फिरायचे. चारही दिशांच्या चार वाटा नागपुरात येऊन मिळत आणि संध्याकाळी पेटलेली वादळे अशा रात्री कितीदा त्याच वाटांवर रेंगाळत. सोनेगावच्या हवामान कचेरीत बसून वैमानिकासाठी अंदाज लिहिणाऱ्या माणसाच्या लेखणीवर चार विमाने आणि त्यांतली माणसे तोललेली असत. 'शक्यता' हा शब्द लिहिताना त्याचा हात किती जड होत असेल! ही सेवा १९७० च्या दशकात बंद झाली. तिच्या निमित्ताने रात्रीच्या वादळाचा अंदाज ही गोष्ट नागपुरात पुस्तकातली राहिली नव्हती, रोजच्या कामाची झाली होती.

अंधारात ढग दाखवणारा डोळा मिळाला तो रडारमुळे. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमाने शोधताना पडद्यावर पावसाचे डाग दिसत. सैनिकांना ती कटकट वाटे, हवामानतज्ज्ञांना घबाड सापडले. १९५४ साली कलकत्त्याच्या डमडम विमानतळावर वादळे टिपणारे रडार बसले. त्या बाजूस वैशाखातल्या अशा वादळांना 'कालबैसाखी' म्हणतात. पुढे १९६२ साली पुण्यात उष्णकटिबंधीय हवामानाच्या अभ्यासाची स्वतंत्र संस्था निघाली. १९८० च्या दशकात इन्सॅट उपग्रहांनी वरून ढगांची चित्रे पाठवायला आरंभ केला. आज नागपुरातही डॉप्लर रडार आहे. ढगातला पाऊस आपल्याकडे येतो आहे की दूर जातो आहे, किती वेगाने, हेही त्याला कळते. पहाटेच्या फुग्यावरून दिवसाचे बळ मोजायचे, दुपारपासून उपग्रहाने नजर ठेवायची, आणि ढग उठला की रडारने त्याचा पाठलाग करून पुढच्या तीन तासांचा जिल्हावार इशारा द्यायचा, अशी आजची रीत. इशाऱ्याला रंगही आहेत: पिवळा, नारिंगी, तांबडा. नागपूरकराला नारिंगी म्हटले की संत्रे आठवते, हा आमचा दोष नव्हे!

तरी आजही कोणी तज्ज्ञ सकाळी उठून 'संध्याकाळी सहाला कळमेश्वरला गारा' असे सांगू शकत नाही. तो सांगतो, 'तुरळक ठिकाणी शक्यता.' पुष्कळांना ही पळवाट वाटते. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. झाकण नेमके कुठे उचलले जाईल हे एखाद्या टेकडीवर, एखाद्या ओलिताच्या शेतावर, आदल्या वादळाने सोडलेल्या गार झुळकेवर अवलंबून असते. पातेल्यातले दूध उतू जाणार हे सांगता येते. पहिला बुडबुडा कुठे फुटेल हे सांगता येत नाही.

या शास्त्राचा कस शेवटी शेतात लागतो. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात लागोपाठ गारपीट झाली. विदर्भ-मराठवाड्यात काढणीला आलेला गहू आणि हरभरा भुईसपाट झाला, संत्र्यांच्या आणि द्राक्षांच्या बागा झोडपल्या गेल्या. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात विजांच्या कडकडाटात अवघ्या चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडून नागनदीकाठच्या घरांत पाणी शिरले. आणि विजेचे काय सांगावे? २०१९ ते २०२२ या चारही वर्षांत देशात वीज पडून मेलेल्यांची संख्या प्रत्येकी २,८०० च्या वर आहे. त्यांत शेतात राबणारी माणसेच अधिक. अंदाज सुधारला, यंत्रे आली, मग ही माणसे का जातात? कारण इशारा कचेरीतून निघतो तो बांधावर पोचेपर्यंत कितीदा उशीर होतो. आणि पोचला तरी 'मागल्या खेपेला काही झाले नव्हते' म्हणून हातातला विळा खाली ठेवला जात नाही. मजुरी बुडवून घरी बसणे सर्वांनाच परवडते असेही नाही. गिल्बर्टच्या पाटीवरचे ते गणित आजही प्रत्येक शेताच्या बांधावर मांडले जाते, फक्त तेथे खडूऐवजी जीव लागलेला असतो.

पुण्याच्या संस्थेने 'दामिनी' नावाची भ्रमणध्वनीवरची सोय काढली आहे. आपल्यापासून वीस-चाळीस किलोमीटरच्या आत वीज पडत असल्यास ती सूचना देते. ज्यांच्याजवळ ती नाही त्यांनी निदान मनाशी आकडे मोजावेत. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत दर तीन सेकंदांना एक किलोमीटर धरावा. तिसाच्या आत आवाज आला तर झाड सोडून पक्क्या घराखाली जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तेथेच थांबावे. घरातल्या मुलांना हे दिवाळीच्या सुट्टीत शिकवता येईल. फटाक्याचा उजेड आधी आणि आवाज मागाहून का येतो, हे गच्चीवरून दूरचे फटाके पाहताना आपोआप समजते.

दीडशे वर्षांच्या या खटाटोपाने आपल्याला वादळ थांबवण्याची शक्ती दिली नाही. काही तासांची सवड दिली. फिनलेच्या १०० इशाऱ्यांपैकी ७२ वाया गेले, तसे आजचेही काही जातील. गहू झाकला आणि पाऊस आला नाही, तर ताडपत्री पुन्हा काढावी लागेल, तासभर कामाचा जाईल. तो तास फुकट गेला असे म्हणू नये. जो इशारा खरा ठरणार असतो, त्याची किंमत आपण याच वाया गेलेल्या तासांनी चुकती करीत असतो, आणि ती फार स्वस्त आहे. यंदाची तूर आणि कपाशी अजून शेतात उभी आहे. ती निर्विघ्न घरी येवो, आणि आभाळाकडून आलेला निरोप ज्याचा त्याला वेळेवर पोचो.